‘द लेडीकिलर्स’ (१९५५): पुन्हा पाहताना काय पाहायचं

प्रश्न असा आहे: “‘द लेडीकिलर्स’ला ब्रिटिश गुन्हेगारी-विनोदाचा कळस म्हणतात. मी एकदा पाहिला. दोन-चार ठिकाणी हसू आलं. शेवटी माणसं एकामागून एक मरायला लागतात तेव्हा हसावं की नाही तेच कळेना. यात एवढं काय आहे? पुन्हा पाहायचा तर कसा पाहू?”

तुम्ही चित्रपट पाहिलेला आहे, त्यामुळे शेवटासकट सगळं उघड बोलतो. ज्यांनी अजून पाहिला नसेल त्यांनी आधी पाहावा; सुमारे ९१ मिनिटांचा आहे.

आधी गोष्ट थोडक्यात, म्हणजे पुढचे संदर्भ लागतील. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनजवळ रेल्वेच्या बोगद्यावरच्या एका कलत्या घरात मिसेस विल्बरफोर्स ही वृद्ध विधवा तीन पोपटांसह राहते. प्रोफेसर मार्कस तिच्याकडे खोली भाड्याने घेतो. आपण पाच जण हौशी वादक आहोत, तंतुवाद्यांच्या पंचकाची तालीम करायची आहे, असं तिला सांगतो. प्रत्यक्षात हे दरोडेखोर आहेत. पैसे नेणारी गाडी ते लुटतात आणि साठ हजार पौंडांची ट्रंक त्या भाबड्या बाईकडूनच स्टेशनातून घरी आणवतात. योजना फत्ते होते. मग घरातून निघताना सगळं फिसकटतं, बाईला कळतं आणि तिला मारायचं ठरतं. कोणाच्यानेही ते होत नाही. एकेक करून पाचही जण मरतात आणि पैसे बाईकडेच राहतात.

पहिल्यांदा हसू कमी येण्याचं मुख्य कारण म्हणजे आपण संवादातल्या कोट्यांची वाट पाहत बसतो. त्या इथे फारशा नाहीत. या चित्रपटात विनोद करायचा म्हणून कोणीही वागत नाही. मिसेस विल्बरफोर्स झालेल्या केटी जॉन्सन अगदी सरळ, मनापासून अभिनय करतात. मार्कस झालेला अ‍ॅलेक गिनेस भयपटात शोभेल असा उभा राहतो. ट्रिस्ट्रम केरीचं संगीतही त्याच्या बाजूने खरोखर धमकावतं. गंमत उगवते ती या दोन जगांच्या एकाच बैठकीत बसण्यातून. त्यातही एक नियम कायम पाळला जातो: त्या घरात आलं की सभ्यपणे वागावंच लागतं. दरोडेखोरही तो मोडू शकत नाहीत. बाई चहा घेऊन दारावर टकटक करते तेव्हा पिस्तूल बाळगणारे हे लोक धावत जाऊन तालमीचा आभास म्हणून लावलेल्या ग्रामोफोनची सुई उचलतात, वाद्यं हातात घेतात आणि अदबीने उभे राहतात. तिला धक्का मारून बाहेर काढणं त्यांना सुचतच नाही. हा नियम डोक्यात ठेवून पाहिलं की अर्धा चित्रपट उलगडतो. शेवटी त्यांना खूनही का जमत नाही, याचं उत्तरही तिथेच आहे.

दुसऱ्यांदा पाहताना सगळ्यात आधी छत्री धरा. सुरुवातीलाच मिसेस विल्बरफोर्स पोलीस चौकीत जाते. तिची मैत्रीण अमेलिया हिने अंतराळयान आल्याची खबर दिलेली असते. रेडिओवरचा कार्यक्रम ऐकता ऐकता तिला डोळा लागला आणि ते स्वप्न होतं, एवढं सांगायला ही बाई आलेली असते. पोलीस तिला प्रेमाने ऐकून घेतात आणि मनातून मोडीत काढतात. निघताना ती छत्री विसरते, तिला आठवण करून दिली जाते. हा प्रसंग पहिल्यांदा नुसता गोड वाटतो. पण पटकथाकार विल्यम रोझने इथे दोन बिया पेरल्या आहेत. एक, ही बाई पोलिसांना काहीही सांगू दे, ते तिचं खरं मानणार नाहीत. दोन, ही छत्री विसरते. पुढे ट्रंक टॅक्सीत चढते, दरोडेखोर दुरून नजर ठेवून असतात, टॅक्सी निघते आणि लगेच वळून स्टेशनात परत येते. दरोडेखोरांच्या पोटात गोळा येतो आणि प्रेक्षकाच्याही. कारण काय, तर छत्री राहिली. शेवटच्या प्रसंगात ती पुन्हा चौकीत जाते, घडलेलं सगळं जसंच्या तसं सांगते, आणि पोलीस पुन्हा तसंच हसून तिला म्हणतात, पैसे तुम्हीच ठेवा. बाहेर पडताना छत्रीची आठवण करून दिली जाते, तर यावेळी ती परत घ्यायलाच तयार नसते. ती छत्री तिला कधी आवडलेलीच नव्हती, आणि आता हव्या तितक्या घेता येतील. पहिल्या पाच मिनिटांतल्या एका वस्तूवर सबंध कथानकाची कडी बसवली आहे.

असंच ट्रंकेच्या प्रवासाचं. वाटेत एक घोडा हातगाडीवरची सफरचंदं खायला लागतो, गाडीवाला त्याच्या अंगावर ओरडतो, आणि बाई टॅक्सी थांबवून घोड्याची बाजू घ्यायला उतरते. गाडीवाला आहे फ्रँकी हॉवर्ड आणि टॅक्सीवाला केनेथ कॉनर. दोघंही पुढे ब्रिटनमध्ये घराघरांत पोचलेले विनोदी नट. ही धमाल काहींना उगाच घुसडलेली वाटते. तसं नाही. इथपर्यंत प्रेक्षक नकळत चोरांच्या बाजूचा झालेला असतो, ट्रंक सुखरूप पोचावी अशी त्याचीच इच्छा असते, आणि बाईचा सज्जनपणा त्या इच्छेच्या आड येतो. शेवटी चोरीचा माल पोलीसच तिच्या घरी आणून टाकतात. मार्कसची योजना किती पक्की होती हे यातून सिद्ध होतं, आणि ती बाई कोणत्याच हिशोबात बसत नाही हेही.

आता घर. दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेंड्रिकच्या या चित्रपटात घर हे सहावं-सातवं पात्र आहे असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. युद्धातल्या बॉम्बफेकीने जमीन खचली आणि वरचे मजले राहण्याजोगे उरले नाहीत, हे बाईच्या बोलण्यातूनच कळतं. भिंतीवरची चित्रं तिरकी टांगलेली दिसतात. मार्कस ती सरळ करू पाहतो. ती पुन्हा तिरकी होतात, कारण घरच कललेलं आहे. ही एका ओळीची गंमत नाही. मॅकेंड्रिक पुढे चौकटीतल्या उभ्या रेषा, दारं, जिन्याचे कठडे सतत किंचित कलते ठेवतो आणि पाच आडदांड पुरुष त्या ठेंगण्या खोल्यांत कोंबतो. बाई मध्यभागी, बुटकी पण ताठ; भोवती हे सगळे वाकलेले, झुकलेले, एकमेकांच्या खांद्याआडून डोकावणारे. ती रागावते तेव्हा ते शाळेतल्या पोरांसारखे खाली मान घालतात. चहापानाचा प्रसंग आवाज पूर्ण बंद करून एकदा पाहा. बाईच्या मैत्रिणी पंचक ऐकायला म्हणून नेमक्या त्याच दिवशी येतात, दरोडेखोरांना पेले धरून त्यांच्यात बसावं लागतं. कोणाचे गुडघे कुठे आहेत, कप कोणाच्या हातात कसा थरथरतो, कोण कोणाकडे नजर टाकतो, एवढंच पाहा. संवादांशिवायही प्रसंग संपूर्ण कळतो. मॅकेंड्रिक पुढे कॅलिफोर्नियातल्या कलासंस्थेत चित्रपट शिकवायचा, आणि संवाद काढून टाकले तरी गोष्ट उरली पाहिजे हा त्याच्या शिकवण्याचा गाभा होता. त्याचा नमुना इथे आहे.

या घराची जागा खरी आहे, घर खरं नाही. कॅलेडोनियन रोडजवळच्या फ्रेडरिका स्ट्रीटच्या टोकाशी, किंग्ज क्रॉसहून उत्तरेकडे जाणाऱ्या मार्गावरच्या कोपनहेगन बोगद्याच्या दक्षिण तोंडावर ते चित्रपटासाठी उभारलं होतं. घरातून रस्त्याकडे पाहताना सेंट पॅंक्रस स्टेशनचा मनोरा दिसतो, ती दृश्यं मात्र किंग्ज क्रॉसजवळच्या आर्गाइल स्ट्रीटवर घेतलेली. म्हणजे बाई दारातून बाहेर पडते एका ठिकाणी आणि चालू लागते दुसऱ्याच ठिकाणी. सांधा कुठे आहे ते शोधून पाहा, संकलनाचा चांगला धडा मिळेल. बोगद्यावरची जागा निवडण्यामागे मोठं कारण शेवटी कळतं: खाली वाघिणींच्या मालगाड्या जातात, वर वाफेच्या इंजिनांचा धूर उठतो, आणि प्रेत ढकलायला एवढी सोयीची जागा दुसरी नाही. पण चित्रपट ही गोष्ट शेवटी अचानक काढत नाही. पहिल्यापासून गाड्यांचा खडखडाट, शिट्या, खिडकीबाहेरचा धूर यांची सवय करून देतो. धुराकडे आपण देखावा म्हणून पाहत राहतो आणि तोच शेवटी चेहरे, ढकलगाडी, मृतदेह झाकायला उपयोगी पडतो.

मृत्यूंबद्दल तुमची अडचण रास्त आहे, म्हणून थोडं थांबतो. आगकाड्यांच्या चिठ्ठ्या काढून बाईला मारायचं काम फौजी मेजरवर येतं. तो पैसे घेऊन छपरावरून पळू पाहतो आणि खाली पडतो. मग टोळीतला तरुण हॅरी, त्यालाही पैसेच हवेत, पण त्याने बाईला मारलं असा माजी मुष्टियोद्धा वन-राउंडचा समज होतो आणि तो हॅरीला मारतो. वन-राउंड बाईची बाजू घेतो, पिस्तूल रोखतो, पण पिस्तुलाचा सुरक्षा-खटका लावलेलाच असतो, आणि तोच मारला जातो. उरतात परदेशी गुंड लुई आणि मार्कस. लुई शिडीवरून पडून मरतो, आणि मार्कस जिंकला असं वाटतं त्या क्षणी रेल्वे सिग्नलचा हात त्याच्या डोक्यावर येतो. क्रम नीट पाहा. एकाही मृत्यूला बाई जबाबदार नाही आणि एकही मृत्यू निव्वळ अपघात नाही. प्रत्येकाला त्याचा स्वभाव मारतो. मेजर भित्रा, हॅरी हावरा, वन-राउंड भोळा, लुई संशयी. मार्कसला स्वतःच्या बुद्धीचा गर्व, आणि त्याला मारायला एक यंत्र यावं लागतं. रक्त जवळजवळ दिसत नाही, आक्रोश ऐकू येत नाही, आणि प्रत्येक वेळी कॅमेरा घाई न करता पुढच्या मालगाडीची वाट पाहतो. हसू येतं ते याच पुनरावृत्तीच्या लयीमुळे. पहिल्या प्रेताला आपण दचकतो, तिसऱ्याला गाडी वेळेवर येते का ते पाहू लागतो. आणि या सगळ्या वेळात आत बाई झोपलेली आहे, हे विसरायचं नाही. आपल्याला मारायला निघालेले पाच जण संपले, हे तिला कधीच कळत नाही. ते निघून गेले असंच तिला वाटतं.

त्या काळी पडद्यावर गुन्हेगाराला लूट पचू देण्याची मुभा जवळपास नव्हती. हा चित्रपट काढणाऱ्या इलिंग स्टुडिओच्याच १९५१ सालच्या ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’मध्ये शेवटी बेड्या येतात. इथे चोरांना पै मिळत नाही, नियम पाळला जातो, तरी पैसे परतही जात नाहीत. ज्या बाईने चोरी केली नाही तिला ते पोलीसच देऊन टाकतात. ही पळवाट मला पटकथेतली सर्वांत चलाख गोष्ट वाटते. आधी बाईला पटवायला चोरांनी जो युक्तिवाद केलेला असतो (विमा कंपनी भरपाई देणार, प्रत्येक विमेदाराला फार तर एखादी फार्दिंग (पाव पेनी) जास्त पडेल, आता परत करून कोणालाच नको आहेत) तो त्यांनी खोटाच रचलेला असतो. शेवटी पोलिसांच्या अविश्वासाने तोच जणू खरा ठरतो.

पात्रांबद्दल एक सूचना: पहिल्यांदा सगळे गिनेसकडे पाहतात. ते दात, तो लांब मफलर, ते गळ्यातून येणारं हसू, सोडवत नाहीच. पण दुसऱ्यांदा त्याच्यावरून नजर काढा आणि केटी जॉन्सनवर ठेवा. त्यांचा जन्म १८७८ सालचा, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी त्या ७६ वर्षांच्या होत्या. आयुष्यभर छोट्या भूमिका केलेल्या या अभिनेत्रीला याच भूमिकेसाठी बाफ्टाचं सर्वोत्तम ब्रिटिश अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. त्या कधीही भोळेपणा ‘दाखवत’ नाहीत. मिसेस विल्बरफोर्स मूर्ख नाही. तिचे नियम स्पष्ट आहेत, ते तिने व्हिक्टोरिया राणीच्या काळातून आणले आहेत. आपल्या एकविसाव्या वाढदिवसाच्या मेजवानीत कोणीतरी येऊन राणी गेल्याची बातमी दिली, असं ती सांगते. ती तारीख २२ जानेवारी १९०१. म्हणजे कथेतल्या बाईचा जन्म १८८० चा, वय ७५. पोपटाचं नाव जनरल गॉर्डन, नवरा जहाजासोबत सलाम ठोकत बुडालेला कप्तान. एक अख्खं साम्राज्य त्या दिवाणखान्यात पेंढा भरून ठेवल्यासारखं बसलं आहे.

समोरचे पाच जणही नमुनेदार. बनावट वाटणारा फौजी अधिकारी (सेसिल पार्कर), टेडी बॉय (त्या काळच्या ऐटबाज, उनाड पोरांच्या) वळणाचा तरुण (पीटर सेलर्स), ठोशांनी डोकं बधिर झालेला माजी मुष्टियोद्धा (डॅनी ग्रीन), परदेशी गुंड (हर्बर्ट लोम), आणि वेडाच्या काठावरचा बुद्धिवंत. युद्धानंतरच्या ब्रिटनची ही व्यंगचित्रं आहेत असं मॅकेंड्रिकने पुढे स्वतःच सांगितलं. यातला आणखी एक पदर मला फार मोलाचा वाटतो. इतका अस्सल इंग्रजी वाटणारा चित्रपट बाहेरच्यांनी घडवला आहे. रोझ अमेरिकन, मॅकेंड्रिक बॉस्टनमध्ये जन्मून ग्लासगोत वाढलेला, छायालेखक ओटो हेलर आणि लोम दोघे प्रागचे. इंग्रजी सभ्यतेची सक्ती इतकी नेमकी दिसते ती त्यामुळेच, असं माझं मत आहे. (लोमच्या डोक्यावर सतत हॅट असते, कारण त्या सुमारास तो रंगभूमीवर सयामच्या राजाची भूमिका करत होता आणि त्यासाठी त्याने मुंडण केलं होतं. सेलर्स आणि लोम पुढे ‘पिंक पॅंथर’ मालिकेत इन्स्पेक्टर क्लूझो आणि ड्रायफस म्हणून पुन्हा समोरासमोर आले. सेलर्सने इथे पोपटांचे आवाजही दिले आहेत.)

ध्वनीसाठी एक स्वतंत्र खेप द्यायला हरकत नाही. ग्रामोफोनवर वाजतो तो संगीतकार बोकेरिनीच्या ई मेजरमधल्या पंचकातला मिनुएट (जुन्या नृत्याची धून), ओपस ११ क्रमांक ५. दरबारी, नाजूक, ऐकताक्षणी ओळखू येणारा. तो सुरू असतो तेव्हा खोलीत दरोड्याचं नियोजन चालतं, आणि बाई खाली भक्तिभावाने ऐकत असते. तो कधी सुरू होतो, कधी मध्येच तुटतो, हे टिपत गेलात तर प्रसंगांचे सांधे हाताला लागतील. त्याखाली घराचे स्वतःचे आवाज आहेत: बाई नळाला पाणी यावं म्हणून पाइपवर मोगरीने ठोकते, पोपट किंचाळतात, गाड्या जातात.

हे सगळं दिसण्यासाठी प्रत नीट हवी, आणि इथेच बहुतेकांचं बिघडतं. चित्रपट तीन पट्ट्यांच्या टेक्निकलरवर चित्रित झाला. त्यात भिंगामागचा लोलक प्रकाश विभागून तीन कृष्णधवल निगेटिव्हवर तांबडी, हिरवी, निळी नोंद करतो आणि मग त्या एकमेकींवर बसवून रंगीत प्रत निघते. काळाने या तीन निगेटिव्ह कमीजास्त आकसतात. जुन्या हस्तांतरणांत त्या नीट जुळवलेल्या नसल्या की वस्तूंच्या कडांना तांबडी-हिरवी झालर दिसते, चेहरे गुलाबीसर फुगतात आणि धूर एकसलग राखाडी डाग होतो. हेलरने चोरांना मातकट, काळपट छटांत ठेवलं आहे आणि बाईला फिकट जांभळ्या-गुलाबी रंगांत. वाईट प्रतीत हा भेदच नाहीसा होतो. २०२० साली ४के रूपात नव्याने दुरुस्त केलेली प्रत आली, शक्य असेल तर तीच पाहा. पॅल या युरोपीय टीव्ही पद्धतीच्या जुन्या डीव्हीडीवर चित्रपट सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी धावतो. त्यामुळे ९१ मिनिटांचा चित्रपट सुमारे ८७ मिनिटांत संपतो आणि पट्टी अर्ध्या स्वराहून थोडी कमी चढते. मिनुएट त्यात पातळ आणि घाईचा लागतो, जॉन्सनचा आवाज चिरका होतो. डबीवर ८७ मिनिटं लिहिलेली दिसली की हेच समजा.

टीव्हीवर पाहताना हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद ठेवा, नाहीतर धूर आणि गाड्या नाटकाच्या पडद्यासारख्या खोट्या दिसतात. डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या आल्या तर त्या घालवायला चित्र ताणू किंवा झूम करू नका. ताणलं तर कललेल्या रेषांचा कोन बदलतो, झूम केलं तर भिंतीवरच्या तिरक्या तसबिरी आणि मार्कसचं डोकं कापलं जातं. इंग्रजी उपशीर्षकं पहिल्या खेपेला जरूर लावा, कारण सेलर्सचं लंडनी बोलणं आणि डॅनी ग्रीनचं पुटपुटणं कानाला लवकर सापडत नाही. दुसऱ्या खेपेला ती काढा. नजर तळाशी अडकली की वरचं अर्धं घर दिसत नाही.

चार जणांना दाखवत असाल तर मध्यंतर टाळलेलंच बरं. द्यायचंच असेल तर ट्रंक घरात पोचते तिथे द्या. दरोडा तिथे यशस्वी होऊन संपतो, आणि त्यानंतरचा चित्रपट वेगळा आहे. सेलोच्या पेटीचा पट्टा दारात अडकून नोटा सांडतात त्याच्या आधी किंवा लगेच नंतर थांबवू नका. त्या प्रसंगाला मागचा ताण आणि पुढचं चहापान दोन्ही सलग लागतात. २००४ चा अमेरिकन अवतार याच्या आधी दाखवू नका. त्यात घर सरळ आहे, रेल्वेचा धूर नाही, आणि माणसं बोलून विनोद करतात. तो डोक्यात बसला की मूळ चित्रपटात प्रेक्षक पुन्हा संवादांतच गंमत शोधत बसतो.